शेंदरी माशी

मी, ऊना मॅकॅस्किल, वय ७४, अविवाहित, राहणार गोर, मटाउरा नदीकाठ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर स्वतःच्या मर्जीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मन मात्र थाऱ्यावर नाही. गुरुवारी हृदयाचं ऑपरेशन आहे, उद्या ट्राउट मासे धरायचा हंगाम संपतो, आणि दर दोन ओळींनी मी उठून नदीचं पाणी बघून येते.

१. घर भाची मोरॅग हिला. मागचं दार जरा उचलून लावावं लागतं. त्यासाठी सुताराला बोलावू नये, तो आणखी बिघडवून ठेवतो.

२. गळाला लावायच्या पिसांच्या माश्या, डबीसकट, मोरॅगलाच. एप्रिलअखेरीला ती हाताला येईल ती माशी लावते, म्हणून लिहून ठेवते. सकाळी पाणी निवळ असेल तर बारीक तपकिरी, बुडणारी. दुपारी ऊन पडून पाण्यावर किडे उठले तर राखाडी, तरंगणारी. पण तास-दीड तासच. गढूळ पाण्यात काळी, लांब शेपटीची. मासा तोंड लावत नसेल तर आधी दोरा बारीक कर, मग माशी बदल. सगळे उलटं करतात आणि नदीला शिव्या देतात.

(पुन्हा उठले होते. पाणी उतरतंय.)

३. अंड्यासारखी दिसणारी शेंदरी माशी धाकटा भाऊ फर्गस याला. अकरा वर्षांपूर्वी ओढ्याच्या तोंडाशी अंडी घालायला जमलेल्या माद्यांवर कोणीतरी ही टाकली. आमच्या मासेमारी क्लबात याहून मोठं पाप नाही. माशी आम्हा दोघांच्या सामाईक डबीत सापडली. "फर्गसची," मी म्हणाले. तो नाही म्हणत राहिला, त्याला क्लबातून काढून टाकलं. बांधली मी होती, टाकलीही मीच. मला लाज वाटते.

इथवर लिहिलं आणि मोरॅग साक्षीदार म्हणून नेमकी फर्गसला घेऊन आली.

"तुझी सही चालणार नाही रे," मी म्हणाले. "ज्याला काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं."

"मला? तुझ्याकडून?" त्याने कागद ओढून वाचला. कान लाल झाले. "वा, ताई! म्हणजे तू मेल्यावर मी निर्दोष. आणि वाचलीस तर? कागद परत कपाटात?"

मी उठून पुन्हा पाणी बघायला निघाले.

"उद्या क्लबाचं जेवण आहे," तो म्हणाला. "जिवंतपणी सांग. मी दाराशी उभा राहतो."

कलम ३ रद्द. माशी आत्ताच त्याच्या हातात दिली आहे. ती कोणाची, ते उद्या मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन. या मृत्युपत्राने फर्गसला आता काहीही मिळत नाही, सबब त्याची सही चालते.

सही: ऊना मॅकॅस्किल
गोर, २९ एप्रिल २०१९

आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. हाना टिपेने, शेजारीण
२. फर्गस मॅकॅस्किल, भाऊ