वुकोसावा स्टानोयेविच यांचे दार ठोठावण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिसेविका,
जिल्हा रुग्णालय, ब्रेस्तोग्राद,
सर्बिया

विषय : छातीविकार वॉर्डमधील अधिपरिचारिका श्रीमती वुकोसावा स्टानोयेविच (सध्या रजेवर) यांची त्यांच्या घरी जाऊन समक्ष विचारपूस करण्याबाबत, तसेच ‘नमुना ७-त’ बंद करण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे दि. ४ सप्टेंबरचे परिपत्रक.
२) मी काल सकाळी आपल्या कार्यालयास केलेला फोन व त्यावर मिळालेले उत्तर : “काय असेल ते लेखी द्या.”

महोदया,

“मी सिगारेट मागायला आले तर घाबरू नकोस, पोरी. मागायला यायची थांबले, की मग मात्र बघायला ये.” असे श्रीमती वुकोसावा यांनी मला गेल्या मार्चमध्ये वॉर्डच्या मागच्या जिन्यावर सांगितले होते. मी हसले. “मावशी, तुम्ही थांबावं म्हणून तर हा सगळा खटाटोप,” असे म्हणून मी खाली सलाईन बदलायला गेले. त्यांनी सांगितले होते ते मला परवा आठवले. म्हणून हा अर्ज.

१. मी त्याच वॉर्डमध्ये चार वर्षे अधिपरिचारिका आहे. माझ्या वीस महिन्यांच्या मुलीला कांजिण्या आल्याने दि. ३ नोव्हेंबरपासून मी घरी आहे. पती ट्रक घेऊन ऑस्ट्रियात आहेत, ते शनिवारी येतील. सासूबाईंना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यामुळे त्या येऊ शकत नाहीत. मुलीला घरात एकटी ठेवता येत नाही आणि तिला घेऊन म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीत जिना चढणे एक परिचारिका म्हणून मला योग्य वाटत नाही. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण “तुम्हीच का जात नाही?” असे मला काल तीन ठिकाणी विचारण्यात आले.

२. सिगारेट सोडण्याचा आमचा करार आपणास माहीत आहे, परंतु तो परिपत्रकात लिहिला आहे तसा नव्हता. आम्ही चौघी होतो. छातीच्या रोग्यांना दिवसभर “ओढू नका” सांगायचे आणि मागच्या जिन्यावर जाऊन ओढायची, याची लाज वाटून सुरुवात झाली. युक्ती श्रीमती वुकोसावा यांची. दोघींची जोडी करायची आणि एकीचे पाकीट व लायटर दुसरीच्या एप्रनच्या खिशात. तलफ आली की आपल्या जोडीदारणीकडे जाऊन तोंडाने मागायची आणि का हवी ते सांगायचे. जोडीदारणीने नाही म्हणायचे नाही. फक्त आधी दोन मिनिटे शेजारी बसायचे. मी त्यांच्याशी जोडलेली होते. माझे पाकीट त्यांच्या खिशात असे आणि त्यांचे माझ्या.

३. पहिल्या आठवड्यात त्या दिवसातून सात-आठ वेळा येत. कारणे सांगत ती अशी : “चार नंबरच्या बाबांनी आज मला त्यांची बायको समजून शिव्या घातल्या. चांगल्या होत्या, लिहून ठेवायला हव्या होत्या.” “गुडघा.” “लिंत्सवरून पोरीचा फोन नाही.” (त्यांची मुलगी ऑस्ट्रियात, लिंत्सला असते.) एकदा येऊन शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “काल परत दोघांचं सूप केलं.” त्यांचे पती श्री. रादिसाव आमच्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, आदल्या डिसेंबरात वारले. त्या दिवशी मावशींनी आपली पाळी पूर्ण केली होती, हे आपल्या हजेरीपटावर असेल.

४. माझी कारणेही लिहिणे भाग आहे, नाहीतर मी इतका आग्रह का धरते ते कळणार नाही. एप्रिलमध्ये मी त्यांना सांगितले की मुलीला आंघोळ घालताना मला माझ्याच हातांची भीती वाटते. हे मी पतीला सांगितले नव्हते. डॉक्टरांना तर नाहीच, कारण डॉक्टर आपल्याच कँटीनमध्ये जेवतात. मावशींनी पाकीट काढून माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “ओढ हवी तर. पण मी आज तुझ्याबरोबर घरी येते, पोरीला आंघोळ मी घालते.” पुढे तीन आठवडे त्या रोज आल्या. दुपारची पाळी असेल तेव्हा सकाळी आल्या. मुलगी त्यांना पाहून हात पसरते. ती सिगारेट मी ओढली नाही, असे लिहायला आवडले असते. ओढली. पण नंतर कमी होत गेल्या.

५. जुलैपर्यंत चौघींचे मिळून दिवसाला पाच-सहा वेळा मागणे उरले. ही गोष्ट आपल्या कार्यालयास कळली व आवडली. दि. ४ सप्टेंबरला परिपत्रक निघाले. पाकिटे जोडीदारणीकडेच राहतील, मात्र मागणी तोंडी चालणार नाही, ‘नमुना ७-त : तंबाखूजन्य पदार्थ तात्पुरता परत मिळण्याबाबत मागणीपत्र’ तीन प्रतींत भरावे. कारणाच्या रकान्यात (अ) कामाचा ताण, (ब) कौटुंबिक, (क) इतर, यांपैकी एकावर खूण. परिसेविकेची सही. मागचा जिना धूम्रपानमुक्त झाल्याने त्याच दिवशी त्याला कुलूप लागले. त्या जिन्यावर आम्ही नुसत्या बसतही होतो, परंतु नुसते बसण्यासाठी किल्ली मिळत नाही असे सुरक्षारक्षकांनी सांगितले. मी विनंती केली असता ते म्हणाले, “ताई, ओढत असतात तर नियम मोडता म्हणून तक्रार तरी लिहिली असती. ओढत नाही म्हणता, मग तिथे काम काय तुमचं?”

६. दि. १२ सप्टेंबर रोजी श्रीमती वुकोसावा यांनी एक नमुना भरला. (क) वर खूण केली. तो दुसऱ्या दिवशी परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता : “इतर असल्यास तपशील द्यावा.” त्यांनी तो मला दाखवला व म्हणाल्या, “बघ, आता सूप कुठल्या रकान्यात घालू?” आम्ही दोघी हसलो. नमुना त्यांनी घडी करून माझ्या खिशात, पाकिटामागे ठेवला. त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात नाही आणि ऑक्टोबरमध्येही नाही.

७. इथे माझी चूक आहे आणि ती मी मान्य करते. आम्ही परिचारिका आहोत. रोगी काही बोलला नाही की आम्ही ‘तक्रार नाही’ असे लिहितो आणि तक्ता पुढच्या पाळीला देतो. कोणी किती वेळा मागितली ते लिहायच्या वहीत मी त्यांच्या नावापुढे रोज शून्य लिहिले, पहिल्या शून्याभोवती तर फूलही काढले. त्या कॉफी अर्धी ठेवत होत्या ते मला दिसत होते. जेवणाच्या सुट्टीत त्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसत, तेही दिसत होते. एप्रनला इस्त्री नव्हती. एकदा मी विचारले, “मावशी, बऱ्या आहात ना?” त्या म्हणाल्या, “शून्य आहे ना माझं? मग झालं तर.” मी बरं म्हणाले. माझी बस होती.

८. दि. २७ ऑक्टोबरला वॉर्डास ‘धूम्रपानमुक्त विभाग’ ही पाटी मिळाली. समारंभात सर्वांत जास्त दिवस शून्य असल्याबद्दल श्रीमती वुकोसावा यांचा सत्कार झाला. फोटोत त्या आपल्या डाव्या हाताला आहेत. केक कापून झाल्यावर त्यांनी आपल्याकडेच रजेचा अर्ज दिला, दि. ६ ते २४ नोव्हेंबर. कारण ‘वैयक्तिक’. तो तपशील न मागता मंजूर झाला.

९. दि. ६ पासून मी त्यांना रोज फोन करते. पहिले काही दिवस नुसता वाजत होता. सोमवारपासून बंद लागतो. एवढ्या दिवसांत त्या माझ्या मुलीला पाहायला आल्या नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरून नाही. कांजिण्या म्हटल्यावर त्या पहिल्याच दिवशी डाळीच्या पिठाची की कसली ती पुरचुंडी घेऊन आल्या असत्या आणि मला म्हणाल्या असत्या, “हो बाजूला, कॉलेजवाली.”

१०. गेल्या शनिवारी आमच्या चौघींतील सिस्टर ल्युबिंका माझ्या सांगण्यावरून त्यांच्या घरी गेल्या. तीनदा बेल दाबली, कुणी आले नाही. त्यांनी मला फोन केला, “अगं, लेकीकडे गेली असेल लिंत्सला. तू उगाच पोरीबरोबर स्वतःला पण ताप आणू नकोस.” मलाही तसेच वाटून घ्यावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी ल्युबिंका नव्या नोकरीसाठी स्लोव्हेनियाला गेल्या. चौथी आमच्यातली ऑगस्टमध्येच जर्मनीला गेली. परवा मुलीच्या फोडांना औषध लावताना माझ्या लक्षात आले की मावशींची बेल जूनपासून बंद आहे. मी स्वतः तिथे ती दाबून उभी राहिलेली आहे. शेवटी त्याच आतून ओरडल्या होत्या, “दार काय लाकडाचं नाहीये का?” ल्युबिंका यांना हे सांगायचे मी विसरले. लिंत्सच्या मुलीचा नंबर मला काल मिळाला. आई तिच्याकडे नाही. आईने तिला सांगितले होते की रजेत ती माझ्याकडे राहणार आहे, आणि ती तेच समजून होती.

११. त्यानंतर मी रुग्णवाहिका केंद्रास कळविले. “त्या पत्त्यावरून कुणी बोलावलंय का?” नाही म्हटल्यावर “मग आम्ही कशाला यायचं?” पोलिसांनी विचारले, आपण नातेवाईक आहात का? मावशींची मुलगी परदेशातून फोन करते आहे, तिला सांगण्यात आले की आई मंजूर रजेवर असल्याने ती बेपत्ता धरता येत नाही, दि. २५ ला कामावर आली नाही तर पाहू. आपल्या कार्यालयात मी हे सर्व सांगितले, तेव्हा बाई चांगल्या बोलल्या, पण म्हणाल्या की परिपत्रकापासून धूम्रपान कराराबाबतचे काहीही तोंडी घेता येत नाही. हे त्या करारात येते का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “तुम्ही त्यांच्या जोडीदार ना? मग येतं.”

१२. म्हणून लेखी देते. कारण : (क) इतर. तपशील वर दिला आहे.

१३. नमुना ७-त बंद व्हावा, जिन्याचे कुलूप निघावे आणि न ओढणाऱ्यांनाही दहा मिनिटे तिथे बसू द्यावे, ही माझी विनंती आहे. तिचा विचार आपण सवडीने करावा. त्याला मुदत नाही.

१४. दुसऱ्या विनंतीला मुदत आहे. आपण टोपोल्स्का रस्त्यावर राहता. श्रीमती वुकोसावा यांची इमारत आपल्यापासून दोन दारे सोडून, क्रमांक १४. आपण पूर्वी जिन्यावर येत होतात तेव्हा मावशी आपल्याला म्हणत, “या बाई, खुर्ची वर गेली तरी पाय खालीच आहेत म्हणायचे,” आणि आपण हसून त्यांच्याकडूनच पेटवून घेत होतात. त्या ओळखीवर लिहिते. आज घरी जाताना कृपया तिसऱ्या मजल्यावर जावे. डावीकडचे दार. बेल दाबू नये, हाताने ठोठावावे, जोरात. गुडघ्यामुळे त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून पुरेसे थांबावे आणि पुन्हा ठोठावावे. समोरच्या श्री. चेडोमिर यांच्याकडे जादा किल्ली असते, पण त्यांना ऐकू कमी येते, त्यांचेही दार जोरात वाजवावे लागेल. सोबत एखादा पुरुष परिचर घेतल्यास बरे. रक्तदाबाचे यंत्र न्यावे. एवढे बघून या, आणि काय दिसले ते मला तोंडीच कळवा.

आपली नम्र, दिवसभर फोनजवळ असलेली,

(सही)
दुन्या रादेनकोविच
अधिपरिचारिका, छातीविकार वॉर्ड

दि. १६ नोव्हेंबर २०२३, सकाळी ९.४०

सोबत :
१) श्रीमती वुकोसावा यांचा दि. १२ सप्टेंबरचा नमुना ७-त, शेऱ्यासह (फोटोप्रत)
२) लिंत्स येथील कन्येचा फोन नंबर
३) माझा फोन नंबर. मुलगी झोपली असली तरी चालेल.