त्र्याण्णवचा विजेता आणि बारावीचे टक्के

नांदेड, ९ जून २००८

प्रिय भीमा,

जयभीम घे, सलाम घे, आणि ताजी बातमी आधी घे: १९९३चं गणित संशोधन पारितोषिक रद्द झालं नव्हतं, ते तुलाच मिळालं होतं. त्या वेळचे परीक्षक वीरण्णा सर यांनी काल देगलूरला, खाटेवर बसून, माझ्यासमोर याला दुजोरा दिला. तुझी शुगर कशी आहे? धुरपतावहिनींचे गुडघे? इकडे बिलकीसचा दमा सोडला तर सगळं ठीक.

आता हे प्रकरण निघालं कसं ते ऐक. आपल्या गणित मंडळाला काही वर्षं बसायला जागा नव्हती. ती लातूरच्या किशनरावांनी आपल्या कोचिंग क्लासात दिली आणि ओघानेच अध्यक्षपदही घेतलं. (माणूस वाईट नाही. रोज दोन हजार पोरांना शिकवतो, त्यामुळे एकट्याशी बोलतानाही माइकसमोर असल्यासारखा बोलतो.) मंडळाच्या आजवरच्या विजेत्यांचा फ्लेक्स क्लासच्या दारावर लावायचं त्यांनी ठरवलं आणि निवृत्त पत्रकार रिकामाच असतो, म्हणून माहिती गोळा करायला मला धाडलं. नाव, वर्ष, निबंधाचा विषय, असं सगळं मी नेऊन दिलं. त्यांनी कागद उलटून पाहिला. "बारावीचे टक्के कुठं हायेत?"

म्हटलं, हे संशोधनाचं बक्षीस आहे.

"मग पीएचडीला किती पडले ते टाका."

पीएचडीला टक्के नसतात म्हटल्यावर त्यांना माझी मनापासून कीव आली. लातुरात टक्क्यांशिवाय फोटो लागत नाही, भीमा. (मध्यंतरी एका संस्थाचालकाच्या श्रद्धांजलीच्या फलकावरही गडबडीत ९४.६७ पडले होते. दोन दिवस कुणाला खटकले नाहीत.)

तेव्हा मी टक्के विचारत हिंडलो. अठ्ठ्याऐंशीचा विजेता पंढरी फोनवर डाफरला, "मायला सांगितले न्हाईत, तुला सांगू व्हय?" वीरण्णा सर मंडळाचे पहिले विजेते. ते शांतपणे म्हणाले, "मॅट्रिकला गणितात अडतीस. लिही." हे कळवल्यावर किशनराव हादरले. "अडतीसवाला दारावर लावला तर पालक पोरं घेऊन पल्याडच्या क्लासला जातील की वो!" सरांचा फोटो आता जिन्याखाली लागणार आहे. सरांना त्याचं काही नाही.

त्यांना वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. यादीत त्र्याण्णवपुढे 'भूकंपामुळे रद्द' असं वाचून ते म्हणाले, "रद्द कोण म्हनलं? निकाल माझ्या हातानं लिहिलाय. भीमाचा बत्तीस पानी निबंध. तसलं काम पुन्हा माझ्याकडं आलं न्हाई." त्यानंतर तू संशोधन सोडून हिमायतनगरच्या शाळेत रुजू झालास, हे मी सांगितलं. सरांनी कागद-पेन मागितलं.

पारितोषिक तुलाच होतं, असं त्यांनी लिहून दिलं आहे. तो कागद दाखवल्यावर फ्लेक्सवर तुझं नाव घालायला किशनराव आज राजी झाले.

तुझा,
मुज्तबा

ता. क. कोटातला फोटो आणि बारावीचे टक्के काढून ठेव. ते चांगले होते, असं मी आधीच सांगून बसलोय.

पुन्हा ता. क. बिलकीस म्हणते, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. निकालाचं पत्र मंडळाने तुला पोचवायला माझ्याकडेच दिलं होतं, २९ सप्टेंबरला. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारी झालं. मी बातमीसाठी गेलो तो तीन आठवड्यांनी परतलो. 'पारितोषिक रद्द' ही बातमीही माझीच. रद्द झाला होता समारंभ, मी लिहिलं पारितोषिक. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. पत्राची आठवण झाली तोवर तू शाळेत रुजू झाला होतास, आणि मग मला धीर झाला नाही. सरांकडे मी विचारायला गेलो नव्हतो, भीमा. मला निकाल पंधरा वर्षं माहीत आहे. फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून यावा, एवढं मला हवं होतं.

फ्लेक्स रविवारी सकाळी दहाला चढेल. फोटो न्यायला मी शुक्रवारी दुपारच्या एसटीने तुझ्याकडे येतोय. दार वहिनींनी उघडावं, अशी अपेक्षा आहे.