लंबकाला बांधलेला पट्टा

बाबा,

ड्यूटीला निघालेय. तुम्हाला नुकताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

पावलं मोजायचा तुमचा मनगटी पट्टा आज भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाला बांधलेला सापडला. म्हणजे माझ्या फोनवर रोज तासाभरात चार हजार पावलं यायची, ती घड्याळाची. तेच आकडे दाखवून मी डॉक्टरांकडून तुमची सुजेची गोळी कमी करून घेतली. पोचल्या पोचल्या त्यांना खरं सांगते. तोवर एकट्यानं जिना उतरू नका, शेजारच्या काकू दहाला डोकावतील.

ओरडणार नाही. चालवत नाही हे कधीपासून, तेवढं सांगा. वॉर्डातल्या वीस म्हाताऱ्यांच्या पायांची सूज मी रोज बोटानं दाबून बघते. तुमची मात्र नुसती पावलं मोजत बसले.

चिमी