पास होईस्तोवर एक वेळ

११ जानेवारी, शनिवार

वेल्डिंगच्या टेस्टमध्ये फेल! दुसऱ्यांदा!

वरून बघितलं तर जोड एकदम गुळगुळीत. मला शिकवणाऱ्या मारुतीरावांनी बोट फिरवून बघितलं, म्हणाले, "चांगला दिसतोय गड्या." मी खूश. आणि एक्सरे आला तर पाईपच्या आतल्या अंगाला फट. पाऊण बोटभर. फिल्मवर काळी रेघ.

साहेब म्हणाला, तिसरी टेस्ट बावीस फेब्रुवारीला, सकाळी आठला. त्यात फेल गेलो तर गेट पास बंद. हेल्पर म्हणून पण ठेवत नाहीत. सरळ घरी.

घरी जायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. आठवीत शाळा सोडली. मग निपाणीत तंबाखूच्या वखारीत, मग कोल्हापुरात गॅरेज, मग हुबळीला बेकरी, मग चिकोडीत ट्रॅक्टरच्या दुकानात. कुठंच वर्ष काढलं नाही. दोन महिने झाले की पाय वळवळतात. आप्पा होते तवर एकच बोलायचे— "सन्मतीला काय धरवतच न्हाई." आप्पा गेले, आई त्याच्या आधीच गेलती. आता घरात आक्का एकटी. ती काही बोलत नाही. तेच जास्त लागतं.

एवढ्या लांब गुजरातेत येऊन, दहेजच्या ह्या खाऱ्या वाऱ्यात चौदा महिने काढले. सगळ्यात जास्त हेच. वेल्डर व्हायचंच.

१९ जानेवारी, रविवार (गावी)

चार दिवसांची सुट्टी. शेजारच्या गावात आमच्या जैनांची पंचकल्याणक पूजा, आक्का म्हणाली चल, मुनी महाराजांचं दर्शन घेऊ.

मंडपात लई गर्दी. प्रवचन झाल्यावर लोक उठून उठून नियम घ्यायला लागले. चुलत्याची पोरगी राणी म्हणाली, "महिनाभर पाणीपुरी सोडली." महाराज म्हणाले, "आणि भेळ?" सगळा मंडप हसला. ती लाजून खाली बसली. अप्पासाहेब काकांनी महावीर जयंतीपर्यंत तंबाखू सोडली. त्यांच्या बायकोनं मागनं हात जोडले— "महाराज, जलमभराचा द्या!"

मी उठलो. का उठलो काय माहीत. आधी ठरवलं नव्हतं.

"महाराज, वेल्डिंगची टेस्ट पास होईस्तोवर एकाशन."

महाराज ऐंशीच्या पुढचे. अंगावर नुसती हाडं, पण डोळे लखलखीत. म्हणाले, "मर्यादा घाल बाळ. आठ दिवस कर, मग बघ."

"न्हाई महाराज. पास होईस्तोवर!"

लोकांनी जयजयकार केला. महाराज माझ्याकडं बघत राहिले. मग मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला. "पाणी पीत जा," म्हणाले, "कामाचा माणूस आहेस."

छाती अशी फुगली होती! जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी ओरडलं.

आक्का वाटभर माझ्या पुढं पुढं चालली. घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "दिवसातनं एकदाच जेवायला बसायचं, उठलास की संपलं. आगीपुढं काम करतोस तू. मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"व्हय. म्हणालीच असते."

२३ जानेवारी, गुरुवार

परत दहेज. दुपारी साडेबाराला जेवतो. मेसमध्ये रोज बटाटा, कंदमूळ आम्हाला चालत नाही म्हणून तो बाजूला. बाकी डबल भात, चार रोट्या, डाळ. मग उद्या साडेबारापर्यंत फक्त पाणी.

रवळू माझ्या खोलीतला, जांबोटीचा. पाईप धरणं, उचलणं, आम्ही दोघं जोडीनं करतो. त्याला भात लागतो तीन वेळ. म्हणतो, "आमच्या जांबोटीत बस चुकली की घरापत्तोर चालताना माणूस दोनदा जेवतोय. आणि तू दिवसाला एकदा? तुझा देव बी तुला बघून घाबरंल की रं!"

म्हटलं, आमच्यात देव काही देत नाही, आपलं आपण करायचं.

"मग त्याला कशाला सांगायला गेलतास?"

मी ताट घासायला उठलो.

२८ जानेवारी

भूक लागली. बाकी काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पंधरावा दिवस! अंग हलकं वाटतंय. राग कमी झालाय. पाईपपुढं बसलो की आधी णमोकार मंत्र म्हणतो, मग तोंडावरची काच खाली ओढतो.

काल दुपारी केलेला सरावाचा तुकडा मारुतीरावांनी कापून बघितला, आतून बांगडीसारखा गोल. सकाळचे मात्र बिघडतायत. थंडीमुळं असेल.

पण धरलंय! पंधरा दिवस धरलंय! आप्पा असते तर दाखवलं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मारुतीरावांनी आज सकाळी माझं मनगट धरलं. धरूनच ठेवलं.

"हलतोय," म्हणाले.

"थंडी हाय."

"तापलेल्या पाईपाफुडं बसलायस. कसली थंडी? पोट रिकामं हाय तुझं. टेस्ट किती वाजता?"

"आठ."

"मग आठला हात कुणाचा आणणार?"

मारुतीराव बेळगावात वडगावचे. घरात दोन माग होते, साड्या विणायचे. माग विकून वीस वर्षं झाली वेल्डिंग करतायत, पण बोलणं अजून मागावरचंच. म्हणाले, "धागा तुटला की आम्ही माग बंद करायचो. गाठ मारायची, मग फुडं. थांबला म्हणून कुणी विणकराला पळपुटा म्हणत न्हाई. तुटला तसाच रेटला तर अख्खी साडी वाया."

मी म्हटलं, "महाराजांच्या म्होरं घेतलाय. मोडता येत न्हाई."

"मी कुठं मोड म्हणतोय? त्यांनाच विचार."

विचारायचं म्हणजे सोडायचंच की. वखार सोडली, गॅरेज सोडलं, बेकरी सोडली. आणि आता हे पण? नाही. नाही म्हणजे नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

कसं लिहू!

सकाळी अकरा. मी ग्राइंडर चालवतोय, रवळू पाईप धरून. डोळ्यापुढं एकदम काळं आलं. एक क्षण. ग्राइंडर उडाला. हातमोजा फाडून रवळूच्या उजव्या हातात गेला, कोपराच्या खाली. रक्त पाईपवर, माझ्या बुटांवर.

नऊ टाके.

सेफ्टीवाला साहेब विचारायला आला. मी तोंड उघडायच्या आत रवळू म्हणाला, "डिस्क खराब हुती साहेब." साहेब गेल्यावर माझ्याकडं बघून हसला. हसला! "आता माझं बी जेवण तूच भरव. डाव्या हातानं मला भात कालवता येत न्हाई."

संध्याकाळी भरवला. त्याच्या पुढ्यात ताट, माझं पोट रिकामं, आणि घास त्याच्या तोंडात.

आमच्या घरी पाणी गाळून पितात, एवढासा किडा मरू नये म्हणून. आक्का दिव्यावर जाळी ठेवते. आणि मी नियम पाळतोय म्हणून मिरवत माणसाचा हात कापला.

आक्काला फोन केला. सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी महाराजांना जाऊन विचारते. तेच सोडवतील. तोवर ग्राइंडरला हात लावू नकोस."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

महाराजांकडं फोन कुठला! पायी विहार, आज ह्या गावी, उद्या त्या. आक्का अंगणवाडीची रजा काढून पूजेच्या गावी गेलती. तिथं कळलं, चिकोडीच्या बाजूला गेले. चिकोडीत कळलं, परवाच पुढं गेले. संध्याकाळच्या बसनं परत आली. उद्या परत जाणार.

मी म्हटलं, राहू दे.

"गप बस. तुझ्या मंडपातल्या फुशारकीपायी मी तालुका हिंडतीया, आता राहू दे म्हणतोस?"

मी ग्राइंडरला हात लावलेला नाही. दुपारी जेवल्यावर तेवढा सराव करतो. रवळूचं पण काम मीच ओढतो. नियम चालू आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

महाराज सापडले. दूधगंगेच्या काठाला एका मळ्यातल्या बस्तीत, जैनांच्या देवळात आहेत.

पण आक्काचा आवाज वेगळाच होता. महाराजांनी सल्लेखना घेतलीय, अन्न सोडत सोडत देह ठेवायचं व्रत. पूजा झाल्यापासून एक एक जिन्नस कमी करत आणला. आधी धान्य, मग फळं, मग ताक. आता नुसतं पाणी, ते पण एकदा. लोक रांगेनं दर्शन घेतायत, कुणी मोठ्यानं बोलत नाही. आक्का दोन दिवस तिथंच आहे, बायकांबरोबर ओसरीवर झोपते.

"विचारलंस?"

"कसं विचारू रं? त्यांनी सगळंच सोडत आणलंय, आणि मी काय विचारू, माझा भाऊ दोनदा जेवला तर चालंल काय?"

 तो माणूस शांतपणे, मोजून, कुणाला दाखवायला नाही, हळूहळू सोडतोय. आणि मी? मंडपात ओरडून एका झटक्यात. महाराज आठ दिवस का म्हणाले ते आज कळलं.

आक्काला म्हटलं, परत ये. नको विचारूस.

"बघते," म्हणाली.

१९ फेब्रुवारी

मौन धरलंय महाराजांनी. आक्का अजून तिथंच.

सकाळचा तुकडा परत बिघडला. मारुतीरावांनी तो उलटून बघितला. तुकडा भंगारात टाकला आणि चहा प्यायला गेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आक्काचा फोन नाही. मी केला, लागला नाही.

रवळूचे टाके अजून काढायचे आहेत. म्हणाला, "परवा तू पास झालास तर मला बी शिकवायचं. हाताचे नऊ टाके तुझ्या फीमधनं वजा."

पास झालो तर! खोटं कशाला लिहू. जेवलो तर हात चालेल, नाही जेवलो तर चालणार नाही. आणि जेवलो तर मी परत तोच, काही न धरवणारा. दोन्हीकडनं आप्पांचं बोलणं खरं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आक्काचा फोन!! दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

"महाराज म्हणाले, जेव."

"बोलले? मौन हुतं की."

"डोळं उघडलं. हळू म्हणाले. जेव म्हणावं त्याला. नियम पुरा झाला म्हणावं. पोट भरून वेल्डिंग कर म्हणावं."

वेल्डिंग म्हणाले! एवढ्या हजार माणसांत त्यांच्या लक्षात होतं! मला रडूच आलं, ताटापुढं, सगळ्यांच्या देखत. विचारलं, तब्येत कशी आहे. "तशीच हाय," म्हणाली. अजून काय काय विचारणार होतो, पण बस आलीय म्हणाली आणि ठेवला.

दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत, म्हणून त्याच्या आधी परत जेवलो. चौतीस दिवसांनी, एका दिवसात दुसऱ्यांदा. रवळूनं स्वतःच्या ताटातला भात मला वाढला, डाव्या हातानं, निम्मा टेबलावर सांडत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सातला पोटभर खाऊन गेलो. टेस्ट दिली.

णमोकार म्हटला, काच खाली घेतली. हात हलला नाही. रूट, म्हणजे जोडाचा तळातला पहिला थर, घालताना वितळलेलं लोखंड कसं सरकतंय ते शेवटपर्यंत दिसत होतं. मध्ये एकदा वाकडं जायला लागलं, मी थांबलो. श्वास घेतला. घासून साफ केलं, परत सुरू केलं. आधीच्या दोन टेस्टला मी कधीच थांबलो नव्हतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पास.

मारुतीरावांनी फिल्म उजेडाला धरून मला दाखवली. काळी रेघ नाही. साहेबानं माझं नाव वेल्डरच्या यादीत लिहिलं. रवळू सगळ्या यार्डाला सांगत सुटलाय की त्यानं रक्त सांडलं म्हणून मी पास झालो.

आक्काला सांगितलं. "झालं बाबा," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं ओरडेल.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गावातल्या दोस्ताचा, जिनेंद्रचा फोन, शाब्बास म्हणायला. बोलता बोलता म्हणाला, "गुरुवारी महाराजांच्या अंत्ययात्रेला गेलतो, काय गर्दी!"

गुरुवारी. वीस तारखेला. पहाटेच गेले म्हणे. आणि आक्काचा फोन शुक्रवारी.

लगेच तिला लावला. तारीख सांगितली. मग म्हणाली, "मला विचारता आलंच न्हाई रं. मौन मोडायला लावू व्हय त्यास्नी? जेव मीच म्हणाले. महाराजांच्या नावानं खोटं बोलले. म्हणून शनिवारपास्नं मी एकाशन धरलंय. मी म्हयन्याची मर्यादा घातलीय, तुझ्यागत न्हाई."

"आज जेवलीस?"

"सकाळी."

दिवस मावळायला अजून तासभर होता. म्हटलं, आक्का, ताट वाढून घे. फोन ठेवू नकोस. तू जेव, मी ऐकत बसतो.