मांडवातली तुझी जागा

सीपरी बाजार, झाशी
१४ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रजीत,

अनेक आशीर्वाद. साठी गाठलेल्या माणसाला चिरंजीव लिहिणं बरं दिसत नाही, पण घरात तुझ्याहून मोठी आता मीच उरले आहे. तेव्हा हा हक्क माझा.

आम्ही ठीक. यज्ञेश्वरांचा गुडघा तसाच. डॉक्टरांपेक्षा शेजारच्या भैयाजींच्या तेलावर त्यांचा विश्वास जास्त. तुझ्या निरोप समारंभाचा व्हिडिओ पाहिला. फुलांनी मढवलेल्या जीपला दोर लावून तुझे अधिकारी आणि जवान ओढत होते, आणि तू आत ताठ उभा. मी रडले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला, तेव्हा तुझं पोट सुटल्याचं दिसलं. स्वरालीनेही पाहिला, शेवटपर्यंत.

इथल्या मंडळाला तुझा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं भाषण, जे तुझ्या नोकरीपेक्षा लांब होईल. बाडमेर कुठे आणि त्रिपुरा कुठे हे ज्यांना ठाऊक नाही, ते तुझ्या शौर्यावर बोलणार. ग्वाल्हेरची मंडळी, म्हणजे तुझे होणारे व्याही, जयदीपचे आईवडील, तर भेटेल त्याला सांगतात, “हमारे समधी बॉर्डर के सबसे बड़े अफ़सर थे.” सगळ्यात मोठा नव्हतास. मी सुधारलं नाही.

शाळेत सिस्टर शिकवायच्या की पत्राचं कारण पहिल्या परिच्छेदात यावं. माझे तीन होऊन गेले.

मागे तू ऑफिसातून फोन केलास. म्हणालास, ताई, बाबांचा रेशमी मुकटा काढून ठेव, कन्यादानाला तोच नेसेन. मी हो म्हणाले. तुझ्या मागे कोणीतरी बूट आपटून सलाम ठोकत होतं, आणि तसल्या आवाजात असलं काही सांगता येत नाही.

मुकटा काढला आहे. तो यज्ञेश्वर नेसणार आहेत. स्वरालीचं कन्यादान आम्ही दोघं करणार. तिची तशी इच्छा आहे. इच्छा हा माझा सभ्यपणा. तिने अट घातली आहे.

मी तिच्याशी भांडले, हे आधी समजून घे. म्हटलं, तुझी आई शारदा गेली तेव्हा तू एवढीशी. त्या माणसाने तुला चौक्याचौक्यांवर फरफटवलं नाही, माझ्या हाती दिलं, यालाही अक्कल लागते. दिवाळीला तो आला नाही, कारण चौकीवरच्या पोरांची दिवाळी कोणी करायची? एवढी वकिली मी आयुष्यात कोणाची केली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि गरौठ्याचं नाव काढलं.

तुझा तो हवालदार नदीकाठच्या चौकीवर गोळीबारात गेला, त्याच्या मुलीचं गरौठ्याला लग्न होतं. तू तिच्या वडिलांच्या जागी बसलास, इथल्या रीतीप्रमाणे परातीत तिचे पाय धुतलेस. चांगलं केलंस. हे मी आजही म्हणेन. पण गरौठ्याहून झाशी दोन तासांवर, आणि तू येतो म्हणाला होतास. दहावीतली पोर दुपारपासून फाटकाशी उभी. संध्याकाळी तुझा फोन आला, वरून बोलावणं आलंय, परस्पर निघतो. दुसऱ्या दिवशी हिंदी पेपरात फोटो. तू त्या मुलीचे पाय पुसतो आहेस आणि तुझे डोळे भरले आहेत. तुझे भरलेले डोळे आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते, इंद्रा. शारदाच्या वेळीही नाही.

त्या दिवसापासून ती तुला ‘सर’ म्हणते. तू हसतोस. तुला वाटतं, पोरगी थट्टा करते.

परवा मला म्हणाली, अगदी शांतपणे, “आत्या, उन्होंने एक बेटी का कन्यादान कर दिया है. मेरे हिस्से का उसी में चला गया.” मग मराठीत बोलली. राग आला की हिंदी आणि रडू आलं की मराठी, असं तिचं लहानपणापासूनचं आहे. “त्यांना येऊ दे. पण माझ्या हाताखाली त्यांचा हात नको.”

मी म्हटलं, मग मीही बसत नाही. तर म्हणाली, कोर्टात जाऊन सही करते. हा हट्ट कोणाकडून आला ते तुला कळेलच. मी कबूल झाले.

मी रागावले आहे, पण तिच्यावर नाही. तुझ्या जागी मी असते तर गरौठ्याला गेलेच असते, आणि येताना इथे थांबले असते. दोन्ही करता येत होतं! वरच्यांना एका रात्रीपुरतं नाही म्हणता येत होतं. सीमेपलीकडच्यांना नाही म्हणायला तुला कधी जड गेलं नाही.

पत्रिका सोबत आहे. निमंत्रक आम्ही. तुझं नाव वर, ‘यांची कन्या’ एवढ्यापुरतं. तेही मी भांडून ठेवलं आहे.

तू ये. पदकं नकोत, मागेपुढे गाड्या नकोत. आदल्या दिवशी ये. तिला काही विचारू नकोस, समजावू तर मुळीच नकोस. कन्यादानाच्या वेळी पहिल्या रांगेत बस. पाणी सोडताना मी तुझ्याकडे बघणार नाही, मला ते जमायचं नाही. ती बघेल की नाही, सांगता येत नाही. पण बघितलंच, तर तू तिथे असायला हवास.

तुझी ताई,
आणि मांडवात तुझ्या मुलीची आई,
भानुमती