शेजारच्या सीटचा ब्रेक

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईचा खांदा आता वर जातो, त्यामुळे वरच्या फळीवरचे डबे आणि माझी खरडपट्टी दोन्ही तिने पुन्हा हाती घेतली आहेत. तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर का नाही, म्हणून तू फोनवर दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा हवापाण्यावर बोललो.

तू तिकडे ड्रायव्हिंग स्कूल काढतेयस, आपल्या स्कूलची गाडी मागतेयस, आणि वर लिहितेस, "बाबा, चौतीस वर्षांत या धंद्यात जे शिकलात ते लिहून पाठवा, मी भिंतीवर लावीन." गाडी उद्या सकाळी ट्रकवर चढेल. बाकीचं कसं पाठवावं ते कळेना, पण लिहायला बसलोय.

नवरा-बायकोला एका गाडीत कधीही बसवू नकोस. मी एकदा बसवलं. तिसऱ्या चौकात बाई उतरल्या त्या चालतच घरी गेल्या, आणि नवरा पुढचे दोन तास मलाच समजावत होता की चूक कुणाची. जो म्हणतो "मला थोडंफार येतं", त्याला दुप्पट दिवस धर. रडणाऱ्याला पाणी दे, सल्ला देऊ नकोस. सीटची कव्हरं गडद घे, माणसं फार घामाघूम होतात. आणि ओरडू नकोस गं. ओरडलं की माणूस पायाखाली येईल ते पेडल दाबतो.

इथपर्यंत आईने वाचलं आणि म्हणाली, "एवढ्यासाठी बारा दिवस लागले?" ती आता भाजी आणायला गेली आहे. ती येईपर्यंत उरलेलं लिहितो.

आपल्या गाडीत शेजारच्या सीटवर मास्तरच्या पायाशी जो दुसरा ब्रेक आहे ना, त्याची मला फार घमेंड होती. बाकीचे मास्तर तो धाडकन दाबायचे, शिकणाऱ्याचं कपाळ स्टिअरिंगवर आपटायचं. मी लोण्यात सुरी फिरवावी तसा दाबायचो. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. तो खूश व्हायचा, चार जणांना सांगायचा, आणि ते चौघे माझ्या दारात यायचे. या मास्तरांकडे गेलं की भीती जाते, असं गावभर झालं. जाणारच ना! थांबवायचं काम मी करत होतो.

तुला एक सांगितलं नव्हतं. शुगरमुळे माझा उजवा पाय गेले सहा-सात महिने बधिर आहे. मध्यंतरी एकदा एकच चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुसरी हातात घेऊन आई मागून आली, तेव्हा कळलं. तरी मी शिकवत होतो. वाटायचं, हलकं दाबणं तर माझ्या रक्तातच आहे, त्याला जाणीव कशाला हवी?

दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक नर्सबाई शिकायला येत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी बाजाराच्या वळणावर एक हातगाडीवाला एकदम आडवा आला. मी दाबला. गाडी वीतभर अलीकडे थांबली. सवयीने म्हणालो, "छान थांबवलीत, बाई."

त्या खाली माझ्या पायाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मीच थांबवली, मास्तर. तुमचा पाय पेडलवर आहेच कुठे? मघापासून नुसती मॅट दाबताय."

मी तिथेच शिकवणं बंद केलं. तुला फोनवर सांगितलं की गुडघा दुखतो. गुडघा ठणठणीत आहे.

पण याहून वाईट पुढेच आहे. महिन्यापूर्वी परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर साहेब म्हणाले होते, "मास्तर, हल्ली विद्यार्थ्यांना काय खाऊ घालता? सहा महिन्यांत एकही नापास नाही." मी मिशीला पीळ दिला होता. आता कळतंय. माझा पाय निकामी झाला आणि त्याच दिवसांत माणसं खरोखर गाडी थांबवायला शिकली. चौतीस वर्षांत मी शिकलो ते हे एवढंच, आणि तेही दुकान मिटताना. ते तू भिंतीवर कसं लावणार?

परीक्षेच्या वेळी मास्तरने पाय मागे घेऊन बसायचं, हा नियम मी कायम पाळला. एकदाच मोडला. तुझ्या वेळी.

तू एकोणीस वर्षांची होतीस. शाळेच्या कोपऱ्यावर एक सायकलवाली मुलगी वळली आणि तू आरशात बघत होतीस. मी दाबला. साहेब मागच्या सीटवर कागद भरत होते, त्यांना पत्ताच नाही. गाडीतून उतरल्यावर तू नाचलीस. "बाबा, बघितलंत? कशी थांबवली!"

मी म्हणालो, "बघितलं."

त्यानंतर अकरा वर्षं तू लिहितेस, फाटक अंगावर आलं, खांब मध्येच होता, शेजाऱ्यांची कुंडी कुणीतरी सरकवली. आई हसून हसून वाचते आणि मी पेपर तोंडासमोर धरतो. प्रत्येक वेळी ठरवलं, सांगायचं. मग तुझं लग्न आलं, मग बाळ आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत गप्प बसलो. आता तू माझ्या सीटवर बसणार, दुसऱ्यांच्या लेकरांना शिकवणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पोरी?

काल मेकॅनिकला बोलावून म्हटलं, तो ब्रेक काढ. तो गाडीखाली गेल्यावर म्हटलं, ठेव. मग पुन्हा काढ म्हटलं. तो बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "मास्तर, तुमचं एकदा ठरू द्या." ब्रेक आहे तिथेच आहे. तो नसेल तर स्कूल चालणार नाही, आणि असेल तर तूही माझ्यासारखीच होशील. येऊन शेजारी बसावं म्हटलं, तर पाय कुचकामी. आणि पाय धड असता तर मी पुन्हा दाबलाच असता. मला काहीच सुचत नाही गं.

एवढं कर. गाडी आली की आधी चालकाच्या सीटवर तू एकटी बस. रिकाम्या मैदानात जा. जमिनीवर खडूने एक रेघ ओढ, चाळीसच्या वेगाने ये, आणि रेघ आली की ब्रेक मार. उतरून पावलं मोज. पहिल्यांदा फार भरतील. मला शिव्या दे आणि पुन्हा मार. जोवर मनासारखी थांबत नाही, तोवर बोर्ड लावू नकोस.

तू ब्रेक मारशील तेव्हा इथे टेबलाखाली माझा पाय आपोआप जमीन दाबेल, त्याला इलाज नाही. पण तिथे गाडी थांबली तर ती तूच थांबवलेली असेल. या वेळी खरोखर.

आई जिन्यात आली. पाकीट चिकटवतो.

तुझ्या शेजारी नसलेला,
बाबा