वृत्ताबाहेरचं बोलणं

मोशी
बुधवार, ११ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

साष्टांग नाही, साधाच नमस्कार. आम्ही सगळे ठीक. मम्मीचा गुडघा आहे तसाच आहे, पप्पांची फर्स्ट शिफ्ट चालू आहे आणि तुमचं भांडण झाल्यापासून घरात तुझं नाव कोणी काढत नाही. जेवतोस ना वेळेवर? रांजणगावची मेस बरी आहे असं कुलदीप म्हणाला, पण त्याला काय, तो दगडही मिटक्या मारत खाईल. हे पत्र त्याच्याच टेम्पोतून पाठवतेय, कारण रविवारच्या आत ते तुझ्या हातात पडायलाच हवं. मेसेज केला असता तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

फोनही केला होता. परवा अनोळखी नंबरवरून आलेला तो माझाच, मैत्रिणीच्या मोबाइलवरून केलेला. तू हॅलो हॅलो करत राहिलास, मी ‘दा’वरच अडकले आणि तू वैतागून ठेवून दिलास. जाऊ दे.

आधी कॉलेजचं सांगते. विजयश्री मॅडम बारावीच्या आम्हा मोजक्या पोरांचा साहित्याचा जादा तास घेतात. ओवी झाली, आर्या झाली, आता भुजंगप्रयात चाललंय. लघु, गुरू, गुरू. बाकावर बोटांनी ठेका धरून म्हणायचं. आणि वृत्तात म्हणताना मी अडत नाही, दादा! एकदाही नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला रडूच फुटलं. मॅडमना वाटलं, पोरीला कविता भिडली. मी एक स्वतः केलंय, हसू नकोस:

पहाटे निघे कंपनीचीच गाडी,
धुके पांघरूनी उभे लोक सारे.

मॅडम म्हणाल्या, ‘कंपनीचीच’मधला शेवटचा ‘च’ भरतीचा आहे. आहेच.

बरं. मी काहीतरी टाळतेय हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल.

मागच्या रविवारी मला बघायला आले होते. कुरुळीचे. मुलगा सुजित, कंपनीत पर्मनंट. पप्पांनी आधीच बजावलं होतं, “जास्ती बोलू नको. मान हलव फक्त. मी हाय.” माझं नाव त्यांनीच सांगितलं, शिक्षण त्यांनीच, पोह्यांत मीठ कमी पडलंय हेही त्यांनीच. शेवटी मुलाची आई म्हणाली, “अहो, पोरीला बोलू द्या की जरा!” पप्पांना दरदरून घाम फुटला. मग एकदम म्हणाले, “स्वरूपा, ती कॉलेजातली कविता म्हण की.”

आणि मी म्हटली. पदराआड मांडीवर ठेका धरून, धडाधड. मुलाचे वडील खूश. “ही तर आमचीच गाडी!” आई म्हणाली, “गोड बोलते हो.” पप्पांनी इतक्या अभिमानानं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मला आवडलं ते. खोटं कशाला सांगू?

आता पौष लागायच्या आत सुपारी फोडायची, या रविवारी. लग्न परीक्षेनंतर, अठरा पूर्ण झाली की. सुजित वाईट नाहीये रे, तेच तर वाईट आहे. रोज संध्याकाळी फोन करतो, मी उचलत नाही. मग लिहितो, ‘ती कविता परत तुझ्या आवाजात ऐकायचीय.’ पुढे काय करू? जन्मभर वृत्तात बोलू? ‘कोथिंबीर केवढ्याला’ भुजंगप्रयातात बसत नाही, बसवून बघितलंय मी.

मम्मी म्हणते, नंतर कळलं तर कळलं, प्रत्येक घरात काहीतरी असतंच. पप्पांना सांगायला गेले तर म्हणाले, “तुझं चांगलं व्हावं म्हणूनच ना गं?” आवाज कापत होता त्यांचा. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. मला अडखळण्याची लाज नाही वाटत दादा, आता त्या कवितेची वाटते. भीती तर वाटतेच.

रविवारी मी त्यांना सांगणार आहे. मी अशी बोलते, आणि मला आधी बी.ए. करायचंय. ठेका न धरता सांगणार आहे.

तू ये. सकाळी दहाला येणारेत ते. पप्पांशी भांडू नकोस, माझ्याशेजारी बस.

आणि एक. मी अडले की तू पटकन माझा शब्द पुरा करतोस. दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे केलास, मायेनंच केलास. रविवारी नको करूस. किती का वेळ लागेना. लोक खाली बघतील, पप्पा खोकत राहतील, चहावर साय धरेल. धरू दे. माझं वाक्य मला पुरं करू दे.

वाट बघते. नाही आलास तरी बोलणार आहे.

तुझी,
स्वरूपा